मुलाची पहिली एअर रायफल: निवडायची कशी, तपासायची कशी

स्वप्नील कुसाळेंनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्राँझ मिळवलं ते ५० मीटरवर, पॉइंट टू-टू रायफलने. रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोत जगज्जेता झाला तो १० मीटरवर, एअर रायफलने. दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी रायफल बघायला निघालेल्या आईवडिलांनी हा फरक आधी समजून घ्यावा. पॉइंट टू-टूमध्ये दारूचं काडतूस असतं. ते अग्निशस्त्र आहे, त्याला परवाना लागतो, आणि मुलाने ते हाताळायचं तर क्लबच्या रेंजवर, क्लबच्या हत्यारावर, प्रशिक्षकाच्या नजरेखालीच. एनसीसीतली पोरं पॉइंट टू-टू डिलक्स चालवतात तीही अशीच देखरेखीत. घरी आणायची पहिली रायफल म्हणजे पॉइंट १७७ इंचाची, ४.५ मिलिमीटर छर्ऱ्याची एअर रायफल. पॉइंट १७७ पेक्षा मोठी नळी नसेल आणि छर्ऱ्याची ऊर्जा २० ज्यूलच्या वर जात नसेल तर तिला शस्त्रपरवाना लागत नाही. स्पर्धेची एअर रायफल साडेसात-आठ ज्यूलच्या आसपासच असते, म्हणजे मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी.

दुकानात पहिली फसगत इथेच होते. 'हिचा स्पीड जास्त आहे' असं सांगून जोरकस रायफल पुढे सरकवली जाते. दहा मीटरच्या खेळात स्पीडला काही किंमत नाही. मॅच रायफलचा छर्रा सेकंदाला साधारण १७० ते १७५ मीटर जातो आणि त्याला तेवढंच पुरतं. जोर वाढला की स्प्रिंग कडक होते, ती ओढताना मुलाचे खांदे भरून येतात, झटका वाढतो आणि ग्रुप, म्हणजे कागदावर पडलेल्या भोकांचा झुपका, उघडतो.

आधी रेंज, मग रायफल

पहिले तीन महिने काही विकत घेऊ नका. वरळीची महाराष्ट्र रायफल असोसिएशन, पुण्यात बालेवाडीची रेंज, किंवा जिल्ह्यातला एखादा क्लब, जे जवळ असेल तिथे मुलाला घाला आणि क्लबच्या रायफलवर मारू द्या. या तीन महिन्यांत दोन गोष्टी ठरतात. एक, मुलाला उभं राहून तासभर एकच काम करणं झेपतं का. मोठ्या स्पर्धेत ६० शॉट आणि ७५ मिनिटं असतात, आणि हा खेळ बघायला जेवढा शांत तेवढाच करायला कंटाळवाणा वाटू शकतो. दुसरी, मुलगा कुठल्या प्रकारात उतरणार आहे.

कारण आपल्याकडे शालेय स्पर्धेत ओपन साईट आणि पीप साईट असे वेगळे प्रकार आहेत. ओपन साईटमध्ये मागे खाच आणि पुढे माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेमाचा खुंट. इथे बहुतेक मुलं स्प्रिंगच्या रायफली वापरतात. पीप साईटमध्ये मागे बारीक भोकाची डायॉप्टर साईट आणि पुढे नळकांड्यात बसवलेली गोल रिंग. आंतरराष्ट्रीय १० मीटर एअर रायफल ती हीच. प्रशिक्षकाला थेट विचारा: 'सर, याला यंदा ओपनला उतरवणार की पीपला?' उत्तर मिळेपर्यंत पैसे खिशातच असू द्या. ओपन साईटसाठी आणलेली रायफल पीपच्या स्पर्धेत चालवून घेऊ असं म्हणणारे वर्षभरात दुसरी रायफल घेतात.

डोळा कोणता, खांदा कोणता

रायफल उजव्या हाताची घ्यायची की डावखुरी, हे मुलगा कुठल्या हाताने लिहितो त्यावरून ठरवू नका. मुलाला भिंतीवरच्या स्विचबोर्डापासून चार मीटरवर उभं करा. दोन्ही हात सरळ पुढे, दोन्ही पंजे एकमेकांवर ठेवून मधे रुपयाएवढी फट. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटीतून एक बटण बघायचं. आता एक डोळा मिटा, मग दुसरा. ज्या डोळ्याने बटण फटीतच राहतं तो नेमाचा डोळा. तीन-चार वेळा करून बघा, दर वेळी तोच यायला हवा.

हात उजवा आणि डोळा डावा, अशी मुलं बरीच निघतात. दहा-बारा वर्षांच्या नवख्याला डाव्या खांद्यावरच शिकवणं सोपं पडतं. त्याला अजून कुठलीच सवय लागलेली नसते, पंधरा दिवसांत हात वळतो. याउलट, पंधरा-सोळाव्या वर्षी वर्षभर उजव्याने मारून झालं असेल तर खांदा बदलण्याऐवजी दुसऱ्या डोळ्यापुढे पट्टी लावतात. ती ३० मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही. डोळा मिटून मारायची सवय मात्र लावू नका. मिटलेल्या पापणीच्या ताणाने उघडा डोळाही थकतो आणि विसाव्या शॉटनंतर लक्ष्याचा काळा गोल पुसट व्हायला लागतो.

स्प्रिंग, साइड लिव्हर की पीसीपी

स्प्रिंगच्या रायफलीत नळी मोडून स्प्रिंग ताणायची. चाप ओढला की पिस्टन पुढे धावतो, हवा दाबली जाते, छर्रा निघतो. प्रेसिहोलसारख्या भारतीय कंपन्यांच्या अशा रायफली सहज मिळतात आणि ओपन साईटला त्या ठीक आहेत. खोट एकच: छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आत पिस्टन आपटतो, रायफल थरथरते, आणि पकड दर वेळी सारखी नसेल तर छर्रा भलतीकडे जातो. म्हणून स्प्रिंगवर चांगलं मारणारं पोर पुढे पीसीपीवर, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेच्या रायफलीवर, फार लवकर बसतं.

स्प्रिंगवर दोन गोष्टी मुलाला पहिल्याच दिवशी सांगा. छर्रा भरताना मोडलेली नळी दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवायची. चुकून चाप दाबला गेला तर नळी फटकन मिटते आणि मधे आलेली बोटं चेचतात. आणि छर्ऱ्याशिवाय चाप ओढायचा नाही, कारण पिस्टनला हवेची गादी मिळत नाही, तो थेट धातूवर आदळतो आणि सील जातं. नळीत शिवणयंत्राचं तेल सोडणारेही भेटतात. ते तेल दाबाच्या उष्णतेने पेटतं, बार मोठा होतो आणि सील लवकर मरतं.

साइड लिव्हरच्या रायफलीत एका झटक्यात हवा भरली जाते. फाइनवेर्कबाऊ कंपनीची ६०० ची मालिका या जातीची. आता त्या जुन्याच मिळतात, पण सील बदललेली असेल तर अजून सुरेख चालतात. मुलासाठी अडचण तो लिव्हर. प्रत्येक शॉटला तो ओढून दाबायला ताकद लागते, आणि ४० शॉटनंतर उजवा खांदा बोलायला लागतो.

पीसीपीत सिलिंडरमध्ये आधीच दाबाची हवा भरलेली असते, बहुधा २०० बारपर्यंत (बार हे दाबाचं माप). झटका नाहीच म्हणा. पीप साईटमध्ये पुढे जायचं असेल तर शेवटी इथेच यावं लागतं. फाइनवेर्कबाऊ, वॉल्थर, अन्शुट्झ, स्टायर या नावांच्या रायफली रेंजवर दिसतील, आणि यातल्या काहींची ज्युनिअर मॉडेलंही असतात. नवी घ्यायची तर आकडा लाखाच्या पुढे जातो. म्हणून आमचं स्पष्ट मत: पहिली पीसीपी चांगल्या हातात वापरलेली, यांत्रिक ट्रिगरची, मधल्या मॉडेलची घ्यावी. सगळ्यात वरच्या मॉडेलमधल्या दहा सोयींपैकी आठ नवख्याला कळतही नाहीत. उलट फिरवायला स्क्रू जास्त, म्हणून बिघडवायला संधी जास्त.

माप: खरा खर्च इथे वाचतो किंवा बुडतो

नियमात एअर रायफल साडेपाच किलोपर्यंत चालते. पस्तीस किलोच्या मुलाला ती झेपत नाही. जड रायफल पुढे ओढते, मूल तोल सांभाळायला कमरेतून मागे वाकतं, आणि वाढत्या वयात तो बाक मणक्याला महाग पडतो. सुरुवातीला साडेतीन ते चार किलो बस. नळीवर लावलेली वजनं सुटी होत असतील तर सगळी काढून ठेवा. वर्षभराने, पाठ-पोट बळकट झाल्यावर, एकेक परत लावता येतात. दहा वर्षांखालच्या मुलाला तर रायफल स्टँडवर टेकवूनच मारू द्या. त्या वयात नेम आणि चाप या दोनच गोष्टी शिकायच्या आहेत.

पण वजनाहूनही घात करते ती लांबी. बटप्लेटपासून (दस्त्याच्या मागच्या टोकाची, खांद्याला टेकणारी पट्टी) ट्रिगरपर्यंतचं अंतर मुलाच्या हाताला बसतं का ते असं बघा: मुलाने कोपर काटकोनात वाकवायचं, बटप्लेट कोपराच्या खोबणीत टेकवायची. तर्जनीचं पहिलं पेर, म्हणजे नखामागची गादी, ट्रिगरवर आरामात पोचायला हवी. बोटाचं टोकच पोचत असेल तर दस्ता लांब आहे. मूल खांदा पुढे ढकलून अंतर भरून काढेल आणि प्रत्येक शॉट थोडा बाजूला ओढेल. दुसरं पेर पोचत असेल तर दस्ता आखूड. अकरा ते चौदा वयात मुलं एका वर्षात सहा-सात सेंटीमीटर उंच होतात, तेव्हा दस्ता निदान चार सेंटीमीटर वाढवता येणारा हवा. अॅल्युमिनियमच्या दस्त्यात हे चावीच्या दोन फेऱ्यांत होतं. लाकडी दस्त्यात बटप्लेटमागे लाकडाच्या चकत्या घालतात. दुकानदार त्या देत नसेल तर दस्ता तिथल्या तिथे परत करा.

मग गाल. मुलाला डोळे मिटायला सांगा, रायफल खांद्याला लावू द्या, गाल चीकपीसवर टेकवू द्या, मान जशी नैसर्गिक राहील तशी. आता डोळे उघडायला सांगा. मागच्या साईटच्या भोकातून पुढची रिंग बरोबर मधोमध दिसली तर चीकपीस बसलं. रिंग दिसायला मान खाली घालावी लागत असेल तर साईटच खाली आहे. लांब मानेच्या मुलांची ही तक्रार नेहमीची. उपाय म्हणजे दोन्ही साईटखाली सारख्याच उंचीचे रायझर ठोकळे; पुढचा आणि मागचा वेगवेगळा चालत नाही. डोकं ताठ राहिलं पाहिजे. खाली घातलेल्या मानेने डोळा भुवईतून वर बघतो, आणि काळा गोल वीस सेकंदांत विरघळतो.

ट्रिगर दोन टप्प्यांचा असतो. आधी मोकळा प्रवास, मग 'भिंत', मग सुटणं. मॅच रायफलचा ट्रिगर पन्नास ग्रॅमवरही आणता येतो. नवख्याला १०० ग्रॅमच्या खाली नेऊ नका. फार हलका ट्रिगर मूल 'सुटेल' या भीतीने धरतं, बोट बाहेरच ठेवतं आणि मग एकदम मारतं. त्यातून लागलेली झटक्याची सवय मोडायला महिने जातात.

पुढची रिंगही मोठी घ्या. लक्ष्याचा काळा भाग ३०.५ मिलिमीटरचा आहे आणि दहा मीटरवरून, माशीच्या जागी, तो जेमतेम पावणेतीन मिलिमीटर दिसतो. रिंग ४.२ मिलिमीटरच्या आसपास ठेवली तर भोवती पांढरी कड स्वच्छ दिसते. बारीक रिंगेत काळा गोल कडेला टेकला की मूल घाबरून तो मधे आणायच्या मागे लागतं, आणि चाप राहून जातो. मधला दहा म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. त्याच्यावर नेम 'धरून' ठेवणं कुणालाच जमत नाही, हे मुलाला आधीच सांगून टाका.

जुनी पीसीपी तपासताना

सोबत प्रशिक्षक असू द्या, आणि ही तपासणी रेंजवरच करा, कुणाच्या दिवाणखान्यात नाही. पहिलं, सिलिंडरवर कोरलेली तारीख. बनवल्यापासून दहा वर्षांच्या पुढचा सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि सुरक्षेलाही बरा नाही. नव्या सिलिंडरची किंमत सौद्यातून वजा करा. दुसरं, गळती. २०० बारपर्यंत भरा, एक तास तसाच ठेवा, मग काट्याचा आकडा लिहून घ्या. लगेच लिहू नका: भरताना हवा तापते, थंड झाली की काटा थोडा उतरतो, आणि विकणाऱ्याशी नसती हुज्जत होते. त्या आकड्यानंतर रात्रभरात काटा हलला तर सील गेलं आहे. कुठलं, ते साबणाच्या फेसाचे बुडबुडे दाखवतात.

तिसरं, रेग्युलेटर, म्हणजे दर शॉटला सारखाच दाब सोडणारा भाग. क्रोनोग्राफवर, म्हणजे छर्ऱ्याचा वेग मोजणाऱ्या यंत्रावर, दहा शॉट मारा. वेग एकमेकांपासून सेकंदाला तीन-चार मीटरपेक्षा जास्त फिरत असेल तर रेग्युलेटर धुऊन, सील बदलून घ्यावा लागेल. पहिला शॉट बाकीच्यांपेक्षा जोरात जात असेल तर ते रेग्युलेटर हळूहळू झिरपत असल्याचं लक्षण.

चौथं, साईट. एक शॉट मारा, साईट उजवीकडे दहा क्लिक फिरवा, एक शॉट, परत दहा क्लिक डावीकडे, एक शॉट. तिसरा छर्रा पहिल्याच्याच भोकात शिरला पाहिजे. शिरत नसेल तर साईटच्या स्क्रूत खेळ आहे. या एका दोषापायी मुलं वर्षभर स्वतःलाच दोष देत बसतात. पाचवं, नळी. रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून पाच शॉट. चांगल्या छर्ऱ्याने पाचांचं मिळून एकच भोक पडावं, बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत सहा-सात मिलिमीटरचं. सीरियल नंबर बिलाशी जुळवा आणि विक्रीचा कागद करून घ्या.

छर्रे, हवा आणि बाकीचा खर्च

छर्रा चपट्या डोक्याचा, वॅडकटर. रायफलसाठी बहुतेक जण ०.५३ ग्रॅमचा घेतात. डब्यावर ४.४९, ४.५० असे आकडे असतात, ते डोक्याचं माप. कुठलं माप आपल्या नळीला मानवतं हे फक्त मारून कळतं: वाळूच्या पिशवीवरून प्रत्येक मापाचे दहा, जो ग्रुप घट्ट तो आपला. डबा ५०० चा. आठवड्यात चार दिवस, रोज ६० शॉट म्हटलं तर एक डबा पंधरवड्यात संपतो, वर्षाला पंचवीस. हा हिशेब रायफल घेण्याआधी करा, कारण रायफल एकदाच घ्यायची असते. घाईत डबा पडला की छर्ऱ्यांच्या कडा चेपतात. ते छर्रे सरावालाही वापरू नका. छर्रे शिशाचे आहेत. तोंडात धरायचे नाहीत, सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय पोळीभाजीचा डबा उघडायचा नाही.

हवा क्लबच्या स्कूबा सिलिंडरवरून भरून घेणं सगळ्यात बरं. सावकाश भरा, वेग वाढला की सिलिंडर तापतो. हातपंप चालतो, पण कोकणातल्या जुलै महिन्यात तो हवेबरोबर पाणीही आत ढकलतो आणि आतून गंज धरतो. ऑक्सिजन कधीही भरायचा नाही. आतल्या वंगणाशी त्याचा संयोग झाला तर स्फोट होतो. भरलेला सिलिंडर उन्हातल्या बंद गाडीत ठेवू नका.

जाकीट, पँट, बूट हे कॅनव्हास-लेदरचे कडक कपडे सुरुवातीलाच नवे घेऊ नका. पहिल्या सहा महिन्यांत साधा सपाट तळाचा बूट आणि क्लबचं जाकीट पुरतं, आणि वाढत्या मुलाला जाकीट वर्षभरात तोकडं होतं. रेंजवर मोठी झालेली मुलं जाकिटं विकतातच. जाकीट खांद्यात घट्ट आणि कमरेला ढिलं असेल तर घेऊ नका, पाठीचा आधार कमरेलाच लागतो.

घरी आणि वाटेवर रायफल पेटीत बंद, छर्रे वेगळ्या पिशवीत, बिलाची प्रत पेटीत. रेंजवर नळीतून आरपार केशरी सेफ्टी फ्लॅग, नेम धरायची वेळ येईपर्यंत. गच्चीतून कबुतरांवर मारू देऊ नका. शहरात छर्रा कुठे जाऊन पडेल सांगता येत नाही, आणि पक्ष्यांवर बंदूक रोखली की १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आड येतो.

घरचा सराव आणि पहिल्या महिन्याचं कार्ड

पीसीपीवर ड्राय फायरची सोय असते: छर्रा नाही, हवा नाही, फक्त चाप. ही सोय नसलेली पीसीपी नवख्यासाठी घेऊ नका. घरी दहा मीटर नसले तरी चालतं. पाच मीटरवर काळा गोल १५.२५ मिलिमीटरचा काढा, तीन मीटरवर ९.१५ चा. कागद जमिनीपासून १.४० मीटरवर, रेंजवर असतो तसाच. रोज वीस मिनिटं.

माप बसलं की प्रत्येक स्क्रूच्या जागी पेनने रेघ मारा आणि फोटो काढून ठेवा. एका वेळी एकच गोष्ट बदला, तीही निदान तीन सराव झाल्यावर. दस्ता, चीकपीस, ट्रिगर सगळं एकाच रविवारी हलवलं तर सोमवारी बिघडलेलं काय आणि सुधारलेलं काय, हे प्रशिक्षकालाही सांगता येत नाही.

पहिल्या महिन्याची कार्डं, म्हणजे मारलेल्या लक्ष्याचे कागद, फेकू नका, त्यांवर माप वाचता येतं. भोकं उभ्या ओळीत पसरली असतील तर बटप्लेट खांद्यात दर वेळी वेगळ्या उंचीवर बसते आहे, किंवा मूल श्वास रोखायच्या आत मारतं आहे. आडव्या ओळीत असतील तर तोल पुढे झुकतो आहे. वजन काढा, पाय बघा. एकाच कार्डावर दोन वेगळे झुपके पडले तर गाल कधी जोरात, कधी हलका टेकतो आहे, चीकपीस दोन मिलिमीटर वर घेऊन बघा. आणि सगळीकडे सारखी पसरली असतील तर रायफलला हात लावू नका, मूल अजून शिकतं आहे.